बेटावर निघण्याआधी विम्याचा कागद वाचा

वर्धा जिल्ह्यातल्या आपल्या जाम गावात रात्री दोन वाजता कुणाच्या छातीत दुखू लागले, तर गाडी कुठे वळवायची हे घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. हिंगणघाट जवळच आहे, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय साधारण तासाभरावर आहे आणि महामार्गाने सरळ गेले की बुटीबोरीवरून नागपूर. एका दवाखान्यात सोय झाली नाही तर पुढच्या गावाचा रस्ता मोकळा असतो. बेटावर नेमका हा रस्ताच नसतो. तिथे बोटीची वेळ असते, समुद्राचा रंग असतो, विमानात जागा आहे की नाही हा प्रश्न असतो. म्हणून बेटाच्या सहलीचा विमा घेताना दवाखान्याच्या बिलाच्या आधी एकच गोष्ट विचारायची: माणूस गंभीर आजारी पडला तर त्याला बेटावरून बाहेर कोण काढणार आणि त्याचे पैसे कोण देणार?

आपल्या भागातून अंदमानला जाणारे बहुतेक जण दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत जातात. सेल्युलर जेल डोळ्यांनी पाहायचे, सावरकरांच्या कोठडीसमोर उभे राहायचे ही कित्येक निवृत्त शिक्षकांची आणि त्यांच्या सौभाग्यवतींची वर्षानुवर्षांची इच्छा असते. म्हणजे या सहलीत साठीच्या पुढची माणसे भरपूर असतात आणि त्यांच्या पिशवीत बीपी, साखर, थायरॉइडच्या गोळ्या असतात. दुसरीकडे नव्याने लग्न झालेली जोडपी मालदीव, बाली, फुकेटकडे निघतात. दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत. आपल्याकडून सर्वांत जास्त माणसे अंदमानलाच जातात, म्हणून आधी अंदमानचे सविस्तर सांगतो.

पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचे श्री विजयपुरम, चेन्नईपासून तेराशे किलोमीटरच्या आसपास आहे. विमानाने दोन-सव्वादोन तास, जहाजाने दोन ते तीन दिवस. शहरात गोविंद वल्लभ पंत रुग्णालय हे मोठे सरकारी रुग्णालय आहे, त्याला आता वैद्यकीय महाविद्यालयही जोडलेले आहे. ताप, अतिसार, हाड मोडणे, टाके घालणे यासाठी तिथे चांगली सोय होते. पण हृदयाची किंवा मेंदूची गुंतागुंतीची शस्त्रक्रिया लागली की रुग्णाला चेन्नई किंवा कोलकात्याला न्यावे लागते. आणि पर्यटक काही फक्त पोर्ट ब्लेअरला राहत नाही. तो हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, दोन रात्री राहतो. तिथून पोर्ट ब्लेअर बोटीने दीड ते अडीच तास, तेही समुद्र शांत असेल तर. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा पाहायला जाणाऱ्यांची गाडी जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ठरावीक वेळेच्या ताफ्यातच जाते. मनाला वाटेल तेव्हा गाडी वळवून परतता येत नाही. ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे किंवा ज्यांना दम लागतो, त्यांनी बाराटांगचा दिवस सहलीतून काढून टाकावा असे माझे स्पष्ट मत आहे. सेल्युलर जेल, रॉस बेट आणि कॉर्बिन्स कोव्ह एवढ्यातही अंदमान मनात भरते.

आता आपल्या हातात आधीच काय आहे ते पाहू, कारण बऱ्याच घरांत चार-पाच कार्डे असतात आणि त्यामुळे सगळे झाकलेले आहे असा समज असतो.

कुटुंबाची मेडिक्लेम पॉलिसी असेल तर ती अंदमानातही लागू आहे, कारण अंदमान भारतातच आहे. अडचण वेगळी आहे. कॅशलेस सोय फक्त कंपनीच्या यादीतल्या रुग्णालयात हमखास मिळते आणि बेटांवर अशी रुग्णालये मोजकी असतात. २०२४ पासूनच्या नियमांनुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा असतो, पण यादीत रुग्णालयच नसेल तर खिशातून पैसे भरून नंतर परतावा मागावा लागू शकतो. म्हणजे हाताशी रोख किंवा कार्डावर मर्यादा हवी. निघण्याआधी कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर फोन करून पोर्ट ब्लेअर आणि चेन्नईतली यादीतली रुग्णालये विचारून ठेवा. दुसरे असे की मेडिक्लेमला साधारणपणे चोवीस तास भरती व्हावे लागते. खडकावर घसरून पायाला टाके पडले, मनगटाला प्लास्टर घातले आणि संध्याकाळी हॉटेलवर परत आलो, तर हा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही. प्रवास विम्यात तो बसू शकतो.

आयुष्मान भारतचे कार्ड देशभर चालते, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, पण योजनेतल्या रुग्णालयातच आणि भरती झाल्यावरच. सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून उत्पन्नाची अट न लावता हे कार्ड मिळते. ज्यांनी अजून काढले नसेल त्यांनी सहल असो वा नसो, काढून घ्यावे. महात्मा फुले जन आरोग्य योजना मात्र आपल्या राज्याच्या चौकटीतली आहे, अंदमानात तिच्या भरवशावर राहू नये. गिरणीत काम करणाऱ्यांकडे ईएसआयसीचे कार्ड असते. राज्याबाहेर अचानक भरती व्हावे लागले तर काय करायचे, हे त्यांनी निघण्याआधी शाखा कार्यालयात विचारून कागदावर लिहून घ्यावे.

हिंगणघाट किंवा सेवाग्रामहून चेन्नईची गाडी पकडणारे तिकीट काढताना पंचेचाळीस पैशांचा रेल्वे विमा घेतात. तो जरूर घ्या. अपघाती मृत्यूला दहा लाख आणि रुग्णालयाच्या खर्चाला दोन लाख मिळण्याची त्यात तरतूद आहे. मात्र तो फक्त रेल्वेच्या प्रवासापुरता आणि रेल्वेच्या अपघातापुरता. तिकिटानंतर मोबाइलवर जी लिंक येते ती उघडून वारसाचे नाव भरायचे असते आणि तेच बहुतेक जण विसरतात.

यातल्या एकाही कागदात सहसा नसते ते म्हणजे बेटावरून हलवण्याचा खर्च. काही मेडिक्लेम पॉलिसींत एअर अॅम्ब्युलन्स असते, पण तिला वेगळी मर्यादा असते आणि ती मर्यादा कधी कधी इतकी तोकडी असते की प्रत्यक्ष बिलाचा निम्मा भागही निघत नाही. डॉक्टर, व्हेंटिलेटर आणि स्ट्रेचरसह विमान पोर्ट ब्लेअरहून चेन्नईला न्यायचे म्हणजे काही लाखांचे काम. देशांतर्गत प्रवास विमा घ्यायचा तो यासाठी. त्यात ‘इमर्जन्सी मेडिकल इव्हॅक्युएशन’ या नावाचे कलम शोधा आणि त्याच्यासमोरचा आकडा वाचा. मग त्याच्याखालचा बारीक मजकूरही वाचा, कारण खरा निर्णय तिथे असतो. बहुतेक पॉलिसींत दोन अटी असतात. एक, उपचार करणाऱ्या डॉक्टरने लिहून द्यायचे की हा उपचार इथे होऊ शकत नाही. दोन, विमा कंपनीच्या मदत केंद्राची परवानगी आधी घ्यायची. घाबरलेल्या मुलाने इंटरनेटवर शोधून स्वतःच एअर अॅम्ब्युलन्स ठरवली आणि बिल नंतर पाठवले, तर कंपनी हात वर करू शकते. म्हणून रुग्ण दवाखान्यात पोचताच घरच्यांपैकी एकाने फक्त फोनचे काम करायचे, हे सहलीला निघण्याआधीच ठरवून टाका.

आणखी एक गोष्ट लोकांना फार उशिरा कळते. कंपनी रुग्णाला योग्य सोय असलेल्या सर्वांत जवळच्या रुग्णालयात नेते. म्हणजे चेन्नईला, नागपूरला नाही. तिथून पुढे घरी आणण्याचे कलम वेगळे असते, सोबत राहणाऱ्या नातेवाइकाच्या तिकिटाचे आणि राहण्याचे आणखी वेगळे. दोन पॉलिसींच्या हप्त्यात शे-दोनशे रुपयांचा फरक असेल आणि महागडीत ही तिन्ही कलमे असतील, तर ती घ्या. सामान हरवण्याचे, मोबाइल चोरीचे कलम कितीचे आहे याकडे मग पाहूही नका.

आता आजार लपवण्याबद्दल. विमा आणि आधीचा आजार यांचे नाते आपल्या जिल्ह्याला नवे नाही. १९८० च्या सुमारास सेवाग्रामच्या रुग्णालयाने, डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने, आसपासच्या खेड्यांत ज्वारीच्या रूपात आरोग्य विम्याची वर्गणी घ्यायला सुरुवात केली. पीक निघाले की ज्याची जेवढी ऐपत तेवढी ज्वारी. त्या बदल्यात अचानक उद्भवलेल्या आजाराचा उपचार मोफत. पण आधीपासून ठाऊक असलेल्या, ठरवून करायच्या गोष्टी, जसे साधे बाळंतपण किंवा मोतीबिंदू, यांच्यासाठी खर्चाचा काही हिस्सा घरच्यांनी उचलायचा. गावकऱ्यांनी ते समजून घेतले, कारण सगळ्यांसमोर सगळे उघड होते. आजच्या प्रवास विम्यातही हाच फरक केलेला असतो: अनपेक्षित ते कंपनीचे, आधीचे ते बहुधा तुमचे. मात्र आजच्या फॉर्मवर एजंट घाईने सगळीकडे ‘नाही’ची खूण करतो आणि आपण सही करतो. साखर आहे का, नाही. रक्तदाब आहे का, नाही. मग स्वराज द्वीपवर हृदयविकाराचा झटका आला की कंपनी जुने कागद मागते, सेवाग्रामच्या ओपीडीच्या चिठ्ठीवर दहा वर्षांच्या रक्तदाबाची नोंद निघते आणि क्लेम नामंजूर होतो.

म्हणून फॉर्म स्वतः भरा. मुलगा ऑनलाइन भरत असेल तर आई-बाबांनी शेजारी बसावे. रक्तदाब, मधुमेह, दमा, स्टेंट, कर्करोगाचा जुना उपचार, सगळे लिहा. लिहिल्याने हप्ता थोडा वाढेल किंवा एखादी पॉलिसी मिळणार नाही. मिळाली तर ती खरी असेल. आधीच्या आजाराने जीव धोक्यात आला तर निदान प्राण वाचवण्यापुरता खर्च देणाऱ्या पॉलिसी आहेत. तीच पॉलिसी हवी असे एजंटला सांगा आणि ते कलम कागदावर दाखवायला लावा.

विदर्भासाठी इथे एक गोष्ट मुद्दाम लिहितो. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे आणि अनेक घरांत तो आहे हे माहीत असूनही बोलले जात नाही, विशेषतः लग्नाच्या मुलीबद्दल. सिकलसेलच्या रुग्णाला शरीरातले पाणी कमी होणे आणि प्राणवायू कमी पडणे हे दोन्ही धोक्याचे असते. उकाड्यात दिवसभर फिरणे, बोटीत उलट्या होणे, पाणी न पिता लांबचा प्रवास करणे यांतून वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा रुग्णाने स्कूबा डायव्हिंग करू नये. नुकताच झटका येऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय विमानातही बसू नये. आणि विम्याच्या फॉर्मवर हे लिहिलेच पाहिजे. जन्मजात आजार काही पॉलिसी सरळ वगळतात, तसे असेल तर दुसरी शोधा. मधुचंद्राला निघालेल्या नवऱ्याला बायकोचा किंवा बायकोला नवऱ्याचा हा आजार बेटावरच्या दवाखान्यात पहिल्यांदा कळावा, यासारखे दुर्दैव नाही.

औषधांचे म्हणाल तर सहलीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीच्या गोळ्या घ्या, त्या हातातल्या पिशवीत ठेवा आणि औषधांची मूळ नावे व आजार लिहिलेले डॉक्टरांचे इंग्रजी पत्र बरोबर असू द्या.

वादळाकडे आपले लोक फार हलक्याने पाहतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा काळ आणि दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या नेमक्या त्यातच पडतात. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक आणि नील बेटांवर वादळी पावसाने बोटी बंद पडल्या, हजाराहून अधिक पर्यटक दिवसचे दिवस अडकले आणि शेवटी नौदलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढले. तसे झाले तर जादा दिवसांचे हॉटेल, बुडालेले विमानाचे तिकीट, चेन्नईहून सुटून गेलेली गाडी यांचा खर्च कुणाचा? हवामानामुळे विमान रद्द झाले तर विमान कंपनी पैसे परत करते किंवा दुसऱ्या विमानात जागा देते, पण तुमच्या अडकलेल्या दिवसांचा खर्च देणे तिच्यावर बंधनकारक नसते. प्रवास विम्यातली विलंबाची, रद्द होण्याची आणि पुढची गाडी चुकण्याची कलमे यासाठी असतात. एक अट लक्षात ठेवा. हवामान खात्याचा इशारा आल्यावर काढलेली पॉलिसी त्या वादळासाठी सहसा चालत नाही, म्हणून तिकीट काढले त्याच आठवड्यात विमा काढा. शिवाय रेल्वे आणि विमान वेगवेगळ्या तिकिटांवर असतील तर चेन्नईत एक रात्र मध्ये ठेवा. गाडी सहा तास उशिरा पोचली म्हणून विमान थांबत नाही.

पाण्यातल्या खेळांबद्दल घरातल्या तरुणांना वाचायला द्यावे असे हे. बहुतेक साध्या पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. स्कूबा, पॅरासेलिंग, जेट स्की करायचेच असेल तर ते पॉलिसीत नावानिशी लिहिलेले हवे. प्रशिक्षित मार्गदर्शकाबरोबर केले तरच चालेल अशी अट त्यातही असते, म्हणून मार्गदर्शकाच्या संस्थेची पावती जपून ठेवा. डाइव्ह केल्यावर त्याच दिवशी विमानात बसू नका. एक डाइव्ह असेल तर किमान बारा तास, जास्त असतील तर अठरा तास, आणि शक्य असेल तर पूर्ण दिवस जाऊ द्या. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे वर गेल्यावर बुडबुडे होतात आणि त्याने माणूस लुळा पडू शकतो. सहलीचा कार्यक्रम आखणारे ही गोष्ट अनेकदा विसरतात, म्हणून स्कूबा पहिल्या दोन दिवसांत उरकून घ्या. दारू पिऊन पाण्यात उतरल्यावर काही झाले तर जवळपास कोणतीही पॉलिसी पैसे देत नाही. बोटीत चढताना जीवरक्षक जाकीट मागा. बोट भरून वाहत असेल तर उतरा आणि पुढची पकडा. २६ जानेवारी २०१४ ला पोर्ट ब्लेअरजवळ ‘अॅक्वा मरीन’ बोट उलटून वीसहून अधिक पर्यटक गेले, क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसवली होती.

परदेशातल्या बेटांचे थोडक्यात. आपली मेडिक्लेम तिथे सहसा चालत नाही, त्यामुळे परदेश प्रवास विमा घ्यावाच लागतो आणि तो भारतातून निघण्याआधी. पन्नास हजार डॉलरच्या आणि एक लाख डॉलरच्या पॉलिसीत हप्त्याचा फरक फार नसतो, एक लाखाची घ्या. परतीच्या तारखेनंतर दोन दिवस जास्त धरा. ‘आशिया’ योजना स्वस्त असते आणि मालदीव, बाली, फुकेटला ती पुरते. पण मॉरिशस आफ्रिका खंडात मोडतो, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसे राहत असल्यामुळे आपल्याकडच्यांना तिकडची ओढ असते. मॉरिशससाठी आशियाची पॉलिसी काढू नका. मालदीवमध्ये दूरच्या रिसॉर्टवर सीप्लेनने जातात आणि सीप्लेन फक्त दिवसा उडते. रात्री काही झाले तर स्पीडबोट किंवा पहाटेची वाट. गर्भवती बायको असेल तर स्पीडबोटीने मालेजवळचे बेट निवडा, आणि गर्भारपणाचा खर्च बहुतेक पॉलिसींत नसतो हेही ध्यानात असू द्या. बालीत नि फुकेटमध्ये लोक भाड्याची स्कूटर घेतात. दुचाकीचा लायसन्स नसताना, हेल्मेट नसताना अपघात झाला तर क्लेम उडतो. लायसन्स असला तरी त्या देशात चालणारा परवाना लागतो. वर्ध्याच्या आरटीओत आंतरराष्ट्रीय परवान्याचा अर्ज करता येतो, मात्र तो त्या देशात मानला जातो का हे आधी विचारा. नाही तर टॅक्सी करा.

टूर कंपनीच्या पत्रकावर ‘विमा समाविष्ट’ असे छापलेले असते. तेवढ्यावर थांबू नका. प्रत्येक प्रवाशाच्या नावाची पॉलिसी मागा, क्रमांकासह. अनेकदा तो फक्त अपघाती मृत्यूचा विमा असतो, आजारपणाचा नसतो. कंपनीने कागद द्यायला टाळाटाळ केली तर स्वतःचा वेगळा विमा काढा.

क्लेमसाठी कागद लागतात ते असे: भरतीची आणि सुट्टीची चिठ्ठी, शिक्क्यासह मूळ बिले, पैसे भरल्याच्या पावत्या, तपासण्यांचे अहवाल, बोर्डिंग पास आणि बोटीचे तिकीट. भरती झाल्यावर साधारण चोवीस तासांत कंपनीला कळवायचे, आणि फोनवर मिळालेला संदर्भ क्रमांक लिहून ठेवायचा. कागदांचे फोटो काढून त्याच दिवशी जामला घरी असलेल्या माणसाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. मूळ कागद भिजले तरी काहीतरी हाती राहते.

एका गोष्टीवर घरात कुणी बोलत नाही, कारण निघताना अशुभ नको. तरी लिहितो. बेटावर मृत्यू झाला तर पार्थिव विमानाने आणायला मृत्यूचा दाखला, पोलिसांचे ना-हरकत पत्र आणि एम्बाल्मिंगचे प्रमाणपत्र लागते, आणि त्याचा खर्च मोठा असतो. हे कलम पॉलिसीत आहे का ते पाहा. बुडून किंवा अपघाताने मृत्यू झाला तर पोलिसांत नोंद, पंचनामा आणि शवविच्छेदन टाळू नका. आपल्याकडे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेमुळे शेतकरी कुटुंबांना या कागदांचे महत्त्व माहीत आहे, प्रवास विम्यालाही तेच लागतात. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून घेणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यूला दोन लाख देते, तिलाही बुडण्याच्या घटनेत पोलिसांची नोंद लागते. दुःखात सुचत नाही, म्हणून सोबतच्या कुणी तरी हे पाहावे.

क्लेम नाकारला तर नकाराचे कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा, विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. तिथे शुल्क नाही आणि वकील लागत नाही. आपला जिल्हा कोणत्या लोकपाल कार्यालयाकडे येतो, ते पत्त्यासह पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर छापलेले असते.